रंगारी येण्याआधी : डोंबिवलीतल्या एका दोन बेडरूमच्या घराची मालखरेदी

रंगाऱ्याने दिलेली चिठ्ठी पाच ओळींची होती. प्रायमर 20 लिटर, पुट्टी 40 किलोच्या दोन गोण्या, रंग 20 लिटरच्या दोन बादल्या, ब्रश-रोलर, पॉलिश पेपर (म्हणजे काचकागद). प्रायमर म्हणजे रंगाआधीचा पायाचा थर, पुट्टी म्हणजे खड्डे बुजवून भिंत सपाट करायचा लेप. घर डोंबिवली पूर्वेला, 1998 च्या सुमाराला बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काम मजुरीवर ठरलेले, म्हणजे माल घरमालकाने आणायचा आणि रंगाऱ्याने हात (म्हणजे थर) मारायचे. दसरा झाल्यावर सुरुवात करायची आणि दिवाळीच्या चार दिवस आधी घर मोकळे करून द्यायचे, एवढीच बोली होती.

अशी चिठ्ठी खोटी नसते. बहुतेक रंगारी कार्पेट एरियाला, म्हणजे घराच्या आतल्या जमिनीच्या क्षेत्रफळाला, साडेतीनने गुणतात आणि अंगवळणी पडलेल्या आकड्यांनी माल सांगतात. या घरातही रंगाचा अंदाज जवळपास बरोबर निघाला. चुकले ते पुट्टी, प्रायमर आणि चिठ्ठीत मुळात नसलेल्या बारीकसारीक वस्तूंबाबत. कारण सरळ आहे : रंग किती लागेल हे क्षेत्रफळावरून कळते, पण पुट्टी आणि प्रायमर किती आणि कुठला लागेल हे भिंतीवर आज काय आहे यावर ठरते. ते बघायला रंगाऱ्याने भिंतीला हातही लावला नव्हता.

मापे

घर 567 चौरस फूट कार्पेट. हॉल 16 बाय 10, मोठी बेडरूम 12 बाय 10, लहान बेडरूम 11 बाय 10, स्वयंपाकघर 9 बाय 8, बोळ 12 बाय साडेतीन आणि दोन बाथरूम, प्रत्येकी 7 बाय साडेचार. उंची सगळीकडे साडेनऊ फूट.

प्रत्येक खोलीचा घेर काढून उंचीने गुणले. हॉलचा घेर 52 फूट, म्हणजे 494 चौरस फूट. मोठी बेडरूम 418, लहान 399, स्वयंपाकघर 323. बोळाच्या फक्त दोन लांब भिंती धरल्या, 228. बाथरूमला फरशी सात फुटांपर्यंत आहे, त्यामुळे वरच्या अडीच फुटांचा पट्टाच रंगवायचा. दोन्ही मिळून 115. एकूण भिंती 1,977.

आता वजाबाकी. इथे बहुतेक जण दार एकदा वजा करतात, पण आतले दार दोन खोल्यांच्या भिंतीत येते, म्हणून ते दोनदा वजा व्हायला हवे. बाथरूमचे दार मात्र एकदाच, कारण आतल्या बाजूला त्या उंचीपर्यंत फरशीच आहे. दारांचे 184, खिडक्या आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचे 94, भिंतीत बसवलेल्या कपाटांचे 105, ओट्यामागच्या फरशीचे 70, हॉलमधून बोळात जाणाऱ्या मोकळ्या जागेचे 25. एकूण 478 गेले, राहिले 1,499. छताचे 567 मिळवले की 2,066. साडेतीनच्या हिशेबाने 1,985 आले असते. फरक 80 चौरस फुटांचा, तोही कमी बाजूला. त्यामुळे साडेतीनचा हिशेब टाकाऊ म्हणता येत नाही. पण तो खोलीवार आकडा देत नाही, आणि दोन रंग घ्यायचे म्हटले की खोलीवार आकड्याशिवाय चालत नाही.

खोलीवार निव्वळ भिंती अशा आल्या : हॉल 404, बोळ 147.5, मोठी बेडरूम 302.5, लहान बेडरूम 310, स्वयंपाकघर 220, बाथरूमचे पट्टे 115.

भिंतीवर आज काय आहे

हा अर्ध्या दिवसाचा भाग आहे आणि सगळी यादी यावरच उभी राहते.

काळा कपडा भिंतीवर जोरात घासायचा. हॉल आणि स्वयंपाकघरात कपडा जवळजवळ स्वच्छ राहिला. तिथे आधीच्या वेळचा प्लास्टिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा, धुता येणारा रंग) आहे. दोन्ही बेडरूम आणि सगळ्या छतांवर कपडा पांढरा झाला. तिथे डिस्टेंपर (स्वस्तातला, खडूसारखा रंग) आहे आणि ते भुकटी सोडते आहे. भुकटीवर नवा रंग लावला तर तो भिंतीला न धरता भुकटीला धरतो, आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो.

मग चिकटपट्टी. दोन-दोन इंचांचे चौकोन कटरने आखून त्यावर पट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. हॉलमध्ये पट्टीला काही आले नाही. लहान बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर रंगाबरोबर खालच्या नीरूचा (चुन्याच्या गुळगुळीत लेपाचा) थरही निघून आला. त्या काळातल्या ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच इमारतींत सिमेंट गिलाव्यावर चुन्याचा नीरू फिरवलेला असतो. तो गुळगुळीत दिसतो, पण ओल लागली की आधी तोच सुटतो.

या भिंतीवर खिडकीखाली पोपडे होते आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पांढरा लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार) आलेला होता. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून 24 तास ठेवला. काढला तेव्हा आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते आणि त्याखालची भिंत गडद पडली होती. ओल भिंतीतून येत होती, हवेतून नव्हे. बाहेरून पाहिले तेव्हा खिडकीच्या उंबऱ्याखाली आडवा तडा दिसला. पावसाचा मुख्य मारा पश्चिमेकडूनच असतो, त्यामुळे नवल नव्हते.

स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या भागात तेलकट थर. हॉलमध्ये देवघराच्या वर समईचा आणि उदबत्तीचा तपकिरी डाग, साधारण दोन बाय तीन फुटांचा. लहान बेडरूममध्ये मुलांनी स्केचपेनने काढलेली चित्रे. हे तीन डाग पुढे वेगळा खर्च करायला लावणार होते. स्केचपेन तेव्हा ध्यानात आले, देवघर आले नाही.

बाथरूमच्या छतावर काळी बुरशी. वायुविजनाची जाळी रंगाने बुजलेली.

यादी पुन्हा

या पाहणीनंतर चिठ्ठीतल्या पाच ओळींचे जे झाले ते असे.

प्रायमर सगळ्या घराला नको होता. हॉल आणि स्वयंपाकघराचा जुना इमल्शन पक्का आहे. तिथे घासकाम केले आणि फक्त पुट्टीच्या ठिगळांवर प्रायमर लावला तरी पुरते. सोयीसाठी त्या 624 चौरस फुटांचा आणि बोळाचा मिळून चौथा हिस्सा धरला, 193. बेडरूमच्या भिंती 612.5, छते 567, बाथरूमचे पट्टे 115. एकूण साधारण 1,487. लिटरला एका हाताचे 120 चौरस फूट धरले तर साडेबारा लिटर. 10 आणि 4 लिटरचे डबे घेतले, 20 ची बादली नाही.

पुट्टी दोन जातींची लागली, आणि चिठ्ठी नेमकी इथेच सर्वांत चुकली होती. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यासाठी. रंग असलेल्या भिंतीवरची ठिगळे बुजवायला ॲक्रिलिक पुट्टी, जी डब्यात तयार लगद्यासारखी येते. खरवडलेल्या पश्चिम भिंतीचे निव्वळ क्षेत्र 75 चौरस फूट. हाताने लावताना किलोला 8 चौरस फूट धरले तर साडेनऊ किलो. बेडरूममध्ये इतरत्र उघड्या पडणाऱ्या जागांना तेवढीच. म्हणजे 20 किलोची एक गोणी. कंपनीच्या गोणीवर किलोला याहून बरेच जास्त चौरस फूट लिहिलेले असतात, पण तो आकडा सपाट, एकसंध गिलाव्याचा असतो. खड्डे असलेल्या जुन्या भिंतीचा नव्हे. ॲक्रिलिक पुट्टी 5 किलोचा एक डबा आणि 1 किलोचा एक. 80 किलोच्या जागी 26 किलो.

रंगाचा हिशेब लिटरला दोन हातांचे 60 चौरस फूट धरून केला. डब्यावर याहून मोठा आकडा असतो. तोही शोषून न घेणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागाचा.

छत, बाथरूम सोडून 504 चौरस फूट : 8.4 लिटर, म्हणून पांढऱ्याचा 10 लिटरचा डबा. बाथरूमची छते आणि पट्टे 178 : 3 लिटर, म्हणून बुरशीरोधक पांढऱ्याचा 4 लिटरचा डबा.

भिंतींसाठी घरच्यांची मूळ इच्छा चार खोल्यांना चार रंग आणि हॉलमध्ये एक गडद निळी भिंत अशी होती. चार रंग म्हणजे प्रत्येकाचा उरलेला वेगळा डबा, आणि छटा मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही. गडद भिंतीचे गणित आणखी वाईट : गडद छटेच्या बेसमध्ये (छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) पांढरे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे तो जुना रंग झाकत नाही आणि दोनाऐवजी तीन-चार हात लागतात. शेवटी दोनच रंग राहिले. एक हॉल, बोळ आणि स्वयंपाकघराला (771.5 चौरस फूट, 12.9 लिटर), दुसरा दोन्ही बेडरूमला (612.5 चौरस फूट, 10.2 लिटर).

इथे एक गोष्ट दुकानात जाण्याआधी ठाऊक हवी. मशीनवर छटा मिसळून घ्यायची असते तेव्हा दुकानदार तयार पांढरा डबा काढत नाही, बेस काढतो, आणि बेसच्या डब्यात रंगद्रव्यासाठी जागा सोडलेली असते. 10 लिटरचा म्हणून जो डबा हातात येतो त्यात साधारण 9 लिटर असतात. 4 चा 3.6, 1 चा 0.9. तोंडी हिशेबात हे कुणी सांगत नाही. पहिल्या रंगाचे 10 आणि 4 घेतले असते तर 14 समजून 12.6 लिटर घरी आले असते, आणि 0.3 लिटरसाठी शेवटची भिंत अडली असती. म्हणून पहिल्या रंगाचे 9, 3.6 आणि 0.9 घेतले, एकूण 13.5. दुसऱ्याचे 9 आणि दोन वेळा 0.9, एकूण 10.8. प्रत्येक रंगाचे सगळे डबे एकाच वेळी, एकाच मशीनवर मिसळून घेतले. तोच कोड दोन आठवड्यांनी दुसऱ्या मशीनवर मिसळला तर वेगवेगळे पाहताना फरक कळत नाही. शेजारी-शेजारी भिंतीवर लागला की लगेच कळतो.

ज्या वस्तू चिठ्ठीत येत नाहीत

रंगकाम अडते ते क्वचितच रंगावाचून. मास्किंग टेप संपते, काचकागद झिजतो आणि माणूस दुपारी दुकान उघडायची वाट बघत बसतो.

टेपचाच हिशेब घ्या. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) साधारण 180 फूट. दारांच्या चौकटी नऊ बाजू, प्रत्येकी 17 फूट, म्हणजे 153. खिडक्या आणि सरकते दार 70. कपाटांच्या कडा 38. पंधरा स्विचबोर्ड, प्रत्येकी 3 फूट, 45. एकूण 486 फूट, म्हणजे 148 मीटर. 20 मीटरचे आठ रोल. दोन-तीन रोल पुरतील हा सगळ्यांचा समज असतो. टेप कागदी घ्यायची. पॅकिंगची तपकिरी टेप रंगासकट लॅमिनेटवर गोंद सोडून निघते.

काचकागद 80 नंबरचे 12, 120 चे 15, 180 चे 15. 80 नंबर खरवडल्यानंतरच्या कडा मारायला, 120 पुट्टीवर, 180 प्रायमरनंतर. पुट्टीवर 80 चालवला तर ओरखडे पडतात आणि ते रंगातून दिसतात. हे काम उरकताना सर्रास होते.

खरवडण्या 4 इंची दोन, पुट्टीचे पत्रे 4 आणि 8 इंची, तारेचा ब्रश एक. रोलर 9 इंची, दोन दांडे आणि चार रिफिल, कारण छताचा पांढरा, दोन रंग आणि प्रायमर यांना वेगवेगळे लागतात. कोपऱ्यांसाठी 4 इंची रोलर एक. ब्रश 4, 2 आणि 1 इंची, पहिले दोन प्रत्येकी दोन. रिफिल वापरण्याआधी धुऊन वाळवायचे, नाहीतर पहिल्या भिंतीवर लोकरीचे तंतू चिकटतात. स्वस्त फोमचा रोलर घेऊच नये; तो रंगात बुडबुडे सोडतो आणि वाळल्यावर भिंतीला देवीच्या व्रणांसारखी टोचणी दिसते.

खुणा असलेला एक लिटरचा मापी जग. सगळ्या यादीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू. रंगात पाणी किती, हे डब्यावर लिहिलेले असते, पण साइटवर ते तांब्याने, अंदाजाने पडते. पाणी जास्त झाले की रंग पुरतो, झाकत नाही. मग तिसरा हात लागतो आणि दोष रंगाला जातो.

धुण्याचा सोडा अर्धा किलो, ब्लीच 1 लिटर, रबरी हातमोजे, नाकावर बसणारे धुळीचे मास्क सहा, डोळ्यांचा चश्मा. रंग गाळायला मलमलीचा तुकडा. फरशीवर अंथरायला जुन्या चादरी आणि गोणपाट. प्लास्टिक फर्निचरवर घालावे, फरशीवर नाही, कारण त्यावर पाय घसरतो आणि सांडलेला रंग शोषला न जाता चपलेबरोबर घरभर जातो. या घरात मोझॅक फरशी आहे. पुट्टीचा चिखल मोझॅकच्या सांध्यात वाळला की तो निघता निघत नाही, त्यामुळे इथे गोणपाट दुहेरी अंथरले.

घोडी, लांब दांडा आणि बादल्या कुणाच्या, हे आधी विचारून घ्यावे. आणि एक छोटी गोष्ट : पुट्टीच्या गोणीत आणि रंगाच्या डब्यात बऱ्याचदा रंगाऱ्यासाठी बक्षिसाचे टोकन असते. माल मालकाचा असला तरी टोकन रंगाऱ्याचे, हा बाजाराचा शिरस्ता आहे. ते आधीच बोलून टाकले की डबा कुणी फोडायचा यावरून कुरबुर होत नाही.

जुन्या दार-खिडक्यांच्या ऑइल पेंटबद्दल थोडेसे. घरगुती रंगातल्या शिशावर भारतात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. 1998 च्या चौकटीवरच्या थरांत ते याहून जास्त असू शकते. म्हणून चौकटी कोरड्या न घासता पाणी लावून घासायच्या, आणि त्या वेळी लहान मुले घरात नकोत.

खरेदी तीन फेऱ्यांत

सगळा माल एका टेम्पोत आणणे सोयीचे वाटते. इथे मुद्दाम तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत फक्त खरवडण्या, काचकागद, टेप, सोडा, ब्लीच, मास्क आणि झाकायचे सामान. खरवडणे झाल्यावरच पुट्टी आणि प्रायमर. कारण खरवडल्याशिवाय किती गिलावा उघडा पडणार हे नक्की सांगता येत नाही. रंग सर्वांत शेवटी, प्रायमर वाळत असताना. छटाही तेव्हाच नक्की झाली : पुठ्ठ्याच्या दोन फुटी तुकड्यांवर दोन हात मारून ते दिवसा खिडकीजवळ आणि रात्री घरच्याच एलईडीखाली पाहिले. बेडरूमसाठी निवडलेला राखाडी रात्री पिवळसर दिव्यात हिरवट दिसू लागला आणि बदलला. तो आधीच मिसळून आणला असता तर दहा लिटर वाया.

काय बिघडले

पहिली गडबड हॉलमध्ये. रंगाऱ्याने बोळातल्या ठिगळांसाठी काढलेली सिमेंट पुट्टी उरली म्हणून हॉलमधल्या जुन्या खिळ्यांच्या खड्ड्यांवर आणि बोर्डाच्या कडांवर इमल्शनवरच फिरवली. दुसऱ्या दिवशी प्रायमरचा रोलर फिरताच अकरापैकी सात ठिगळे पोपड्यासारखी उचलून आली. सिमेंट पुट्टीला धरायला सच्छिद्र, ओलसर केलेला गिलावा लागतो. इमल्शनच्या चकचकीत थरात तिला मुळे धरता येत नाहीत. सगळी खरवडून, 120 ने घासून, ॲक्रिलिक पुट्टीने पुन्हा भरली. अर्धा दिवस गेला. ॲक्रिलिक पुट्टी घरातच होती, म्हणून अर्धाच. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले नव्हते हीच चूक; एकाच कोपऱ्यात दोन पुट्ट्या ठेवल्या तर हात सवयीच्या गोणीकडेच जातो.

दुसरी, देवघराच्या वर. दोन हात झाल्यावर तपकिरी डाग पिवळसर होऊन वर आला. तिसरा हात मारला, तरी आला. काजळीतले तेल आणि राळ पाण्याच्या रंगातून झिरपतात आणि प्रत्येक नव्या हाताबरोबर वर सरकतात. असा डाग साध्या पाण्याच्या प्रायमरखाली सहसा बुजत नाही. स्केचपेनसाठी आणलेला टर्पेंटाइनवर चालणारा प्रायमर अर्धा लिटर शिल्लक होता. तो डागावर एक हात, रात्रभर वाळवून वर पुन्हा रंग. डाग थांबला. हे पहिल्याच दिवशी केले असते तर रंगाचा सव्वाशे-दीडशे मिलिलिटर आणि दोन दिवस वाचले असते.

स्वयंपाकघरातला तेलकट थर सोड्याच्या कोमट पाण्याने दोनदा धुऊन, साध्या पाण्याने पुसून घेतला. सोडा भिंतीवर राहिला तर तोही रंग सोडवतो, हे बहुतेक ठिकाणी विसरले जाते.

बाथरूमच्या छताला एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, वीस मिनिटे ठेवून धुतले, खिडकी आणि दार उघडे ठेवून. ब्लीचच्या दिवशी संडास साफ करायचे ॲसिड घरात उघडू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो.

तिसरी तक्रार टेपची. हॉलची टेप चार दिवस राहिली. ऑक्टोबरच्या उन्हात गोंद बसला आणि काढताना स्कर्टिंगवरच्या रंगाची कड फाटली. टेप दुसऱ्या हातानंतर, रंग हाताला कोरडा पण अजून मऊ असताना, तिरकी ओढून काढायची. पुन्हा लावावी लागली तर नवी लावावी. म्हणून तर आठ रोल.

त्याच उन्हाने आणखी एक करामत केली. मोठ्या बेडरूममध्ये पंखा पूर्ण वेगात सुरू ठेवून रंग लावला. पट्ट्याची कड पुढचा पट्टा येण्याआधीच वाळली आणि उभ्या सांध्याच्या रेघा उमटल्या. ओली कड सांभाळायची असेल तर लावताना पंखा बंद, भिंत एका दमात कोपऱ्यापर्यंत. वाळवायला पंखा नंतर.

पहिल्या रंगाचे तिन्ही डबे सुरुवातीलाच एका मोठ्या पिंपात ओतून ढवळून घेतले होते, त्यामुळे हॉल ते स्वयंपाकघर कुठेच छटेचा फरक दिसला नाही. बेडरूममध्ये 9 लिटरचा डबाच आधी फोडला, आणि छोटे दोन मुद्दाम बंद ठेवले. त्याचे कारण पश्चिम भिंत.

पश्चिमेची भिंत

रंगाऱ्याचा आग्रह होता की वॉटरप्रूफ पुट्टी मारू आणि उरकू. ओल बाहेरून येत असताना आतून केलेला कोणताही थर पाणी अडवत नाही, फक्त मागे साठवतो. पाणी मग शेजारच्या कोपऱ्यातून किंवा त्याच थरासकट बाहेर पडते. दिवाळीचे कारण देऊन ही भिंत रंगवली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खरवडावी लागली असती.

म्हणून ती ऑक्टोबरात फक्त खरवडली, गिलाव्यापर्यंत. लोणा कोरड्या ब्रशने झाडून भुकटी गोळा केली. पाण्याने धुतला नाही, कारण पाणी लागले की क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात. भिंतीपुढे कपाट सरकवले नाही, हवा खेळती ठेवली. दिवाळीत त्यापुढे पडदा टांगला.

बाहेरच्या तड्याचे पत्र सोसायटीला दिले. बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. घरातल्या नळ-मोरीची गळती सभासदाची. हा फरक पत्रात स्पष्ट लिहावा आणि सोबत फोटो जोडावेत. तडा कोरून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरला गेला, उंबऱ्याला बाहेर उतार मिळाला.

फेब्रुवारीत प्लास्टिकचा तुकडा पुन्हा 24 तास चिकटवला, कोरडा निघाला. गोणीत उरलेली पुट्टी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून माळ्यावर कोरडी ठेवली होती. गुठळ्या न होता मिसळली, एका किलोला साधारण 360 ते 380 मिलिलिटर पाणी, दोन तासांत संपेल तेवढीच. दोन हात, मध्ये रात्रभर. प्रायमरचा उरलेला डबा पुरला. आणि बंद ठेवलेले 0.9 चे दोन डबे दुकानात मशीनवर हलवून आणले. 75 चौरस फुटांना हिशेबाने 1.25 लिटर हवे होते, 1.8 होते. इतर तीन भिंतींशी रंग जुळला, कारण ऑक्टोबरच्याच मिश्रणातला होता.

शेवटी शिल्लक राहिले ते असे : पहिल्या रंगाचे साधारण 400 मिलिलिटर, दुसऱ्याचे अर्धा लिटर, छताच्या पांढऱ्याचे सव्वा लिटर, ॲक्रिलिक पुट्टीचा न फोडलेला एक किलोचा डबा (तो बिल दाखवून परत गेला), आणि काचकागदाचे सहा ताव. उरलेला रंग छोट्या काचेच्या बरण्यांत काठोकाठ भरला, वर खोली, छटेचा कोड, बेसचे नाव आणि तारीख लिहून. मोठ्या डब्यात तळाशी ठेवलेला रंग आतल्या हवेने साय धरतो आणि वर्षभरात टाकून द्यावा लागतो. ब्रश धुतलेले पाणी मोरीत न ओतता बादलीत रात्रभर ठेवले. गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी सोडून गाळ वर्तमानपत्रात वाळवून कचऱ्यात दिला. टेपचा एक रोल उरला, आठपैकी.